अडतिसावी ओळ

मी लिफ्टच्या कंपनीत अडकले आहे असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. पहिली काही वर्षं मीही त्याच्याबरोबर हसायचे. आता हसू येत नाही. एकोणीस वर्षं झाली. चौथा मजला, खिडकीपासून दुसरं टेबल, आणि टेबलाखाली एक काळं मशीन. त्यावर चिठ्ठी आहे, 'हात लावू नये'. ती मीच लिहिलेली आहे. चिकटपट्टी सुटते म्हणून चिठ्ठी तीनदा बदलली. मशीन मात्र तेच आहे आणि मीही तीच आहे.

माझं काम सांगते, म्हणजे अडकणं कसं ते कळेल. आमच्या लिफ्ट ज्या प्रोग्रामवर चालतात तो मी बांधते. बांधते म्हणजे चारशे बारा फायलींमधला मजकूर मशीनच्या हवाली करते आणि मशीन त्याचा लिफ्टला कळेल असा एक गठ्ठा करून देतं. हा गठ्ठा बिनचूक होतो तो फक्त त्या काळ्या मशीनवर. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर तो होतो, पण बिनचूक होतो की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

फायली दोन भाषांत आहेत. सी, आणि तिच्यातूनच पुढे निघालेली सी प्लस प्लस. आमच्याकडे त्यांना आई आणि लेक म्हणतात. चेहरामोहरा इतका सारखा की नवखा माणूस पानंच्या पानं वाचतो आणि आपण कुणाच्या घरात बसलोय हे त्याला कळत नाही. मशीनही आत डोकावून बघत नाही. ते फाईलच्या नावाचं शेवटचं टोक बघतं. टिंबाच्या पुढे नुसता सी असला तर आई, सीपीपी असलं तर लेक. त्या टोकाला आम्ही शेपूट म्हणतो. साधी सरळ पद्धत आहे, सगळं जग त्याच पद्धतीने चालतं.

आमचं घोडं अडलं ते प्रमाणपत्रापाशी. लिफ्ट सुरक्षित आहे असं प्रमाणपत्र तपासणीवाले देतात आणि त्यावर चारशे बाराच्या चारशे बारा फायलींची नावं छापलेली असतात. नाव बदललं की ती फाईल नवी. नवी फाईल आली की पुन्हा तपासणी, आठ महिने, तोवर एकही लिफ्ट विकायची नाही. म्हणून माझ्या दुसऱ्या वर्षी काही फायली लेकीच्या भाषेत नव्याने लिहिल्या गेल्या तेव्हा त्यांच्या नावांना कुणी हात लावला नाही. आत लेक बोलतेय आणि बाहेर शेपूट आईचं.

हे ज्यांनी ठरवलं ते माझे तेव्हाचे वरिष्ठ. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी एक यादी केली. या यादीतल्या फायलींचं शेपूट बघू नकोस, यांना लेक समज, असं मशीनला सांगणारी यादी. प्रत्येक ओळीत फाईलचं नाव, ओळ घातल्याची तारीख आणि घालणाऱ्याची आद्याक्षरं. "तारखेशिवाय ओळ नाही," असं ते उठता बसता म्हणायचे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला यादी दिली, मशीन दिलं आणि म्हणाले, "हे आता फक्त तुला माहीत आहे." मी एकोणतीस वर्षांची होते. मला तो मान वाटला. घरी जाऊन नवऱ्याला मी ते वाक्य तीनदा सांगितलं.

आता कुणी म्हणेल, यादी आहे ना, मग दे दुसऱ्याला आणि हो मोकळी.

दिली होती. दहा वर्षांपूर्वी. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक सहकारी बसायचा. टाइप करताना तोंडाने शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी. हुशार होता, आणि खोडकरही होता. माझ्या मशीनवरच्या चिठ्ठीखाली त्याने बारीक अक्षरात 'चावते' असं लिहून ठेवलं होतं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. ती तापाने फणफणली म्हणून मी शिट्टीकडे यादी सोपवून चार दिवस घरी राहिले. नेमका त्याच आठवड्यात एका ग्राहकाला घाईने गठ्ठा हवा होता. शिट्टीने तो यादी लावून स्वतःच्या मशीनवर बांधला. मशीनने एकही चूक दाखवली नाही. गठ्ठा गेला. तिसऱ्या दिवशी एका इमारतीतल्या जुन्या बनावटीच्या लिफ्टचं दार चार सेकंद थांबायच्या ऐवजी एकच सेकंद थांबलं आणि आत शिरणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांचं मनगट मोडलं.

कारण लवकरच सापडलं. शिट्टीच्या मशीनने दाराची फाईल आईची समजून वाचली होती. त्या फाईलमध्ये एक सुटं अक्षर होतं. अशा एका अक्षराला मशीनच्या आत आई जागेची चार घरं देते आणि लेक एकच देते. दार किती थांबायचं ते त्या मापाने भागून काढलेलं होतं. चाराला एकाने भागलं की चार सेकंद, चाराने भागलं की एक सेकंद. दोन्ही भाषांत ती ओळ शुद्ध, त्यामुळे मशीनला तक्रार करायला जागाच नव्हती.

साहेबांनी मला जिन्यात गाठलं. मी नुकतीच कामावर परतले होते, डोळ्यांत चार रात्रींचं जागरण होतं.

"मॅडम, दाराची फाईल यादीत आहे ना?"

"सगळ्या आहेत यादीत," मी म्हणाले.

शिट्टी सांगत राहिला की मी यादीप्रमाणेच केलं. त्याचं कोण ऐकणार? खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. महिन्याभरात त्याचं टेबल रिकामं झालं. जाताना तो माझ्याशी बोलला नाही, आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही. उलट रागच होता. माझं पोर तापात असताना विश्वासाने काम सोपवलं आणि या माणसाला एक ओळ नीट लावता आली नाही, हे मी कितीतरी जणांना हातवारे करून सांगितलं आहे.

त्यानंतर नियम झाला. गठ्ठा फक्त मॅडमच्या मशीनवर. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा मी त्यानंतर घेतलेली नाही.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली. बसने सात तासांचं अंतर. तिथली शाळा चांगली, म्हणून मुलगीही त्याच्याबरोबर गेली आणि मी वर्षभरात इथलं आवरून जायचं असं ठरलं. ते भिजत घोंगडं अजून भिजतंच आहे. अकरा वर्षांची गेली, आता पंधराची झाली. महिन्यातून दोनदा मी शनिवारी दुपारी पोचते आणि रविवारी दुपारी निघते. तिच्या घरात चमचे कुठल्या खणात असतात ते मला विचारावं लागतं. आणखी तीन वर्षांनी ती स्वतःच कुठेतरी शिकायला जाईल आणि मग मी तिथे जाऊन काय करणार, खण उघडून बघणार?

राजीनामा मी याआधी दोनदा दिला. साहेब रागावत नाहीत. रागावले असते तर मी त्याच दिवशी सुटले असते. ते चष्मा काढतात, पुसतात आणि हळू आवाजात म्हणतात, "तुम्हाला कोण अडवतंय मॅडम? फक्त ते मनगट आठवा." आणि मला ते आठवतं. दोन्ही वेळा मी कागद परत घेऊन पर्समध्ये ठेवला आणि खाली मान घालून टेबलापाशी गेले.

या वेळी परत घेतला नाही. त्या शहरातल्या एका कॉलेजने मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं होतं. एक तारखेला रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. मी साहेबांपुढे ते पत्र ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला. मी म्हणाले, "मनगट मला आठवतंय. तरी जाणार आहे." त्यांनी मान डोलावली आणि अट घातली. चाचणी विभागातला माणूस तुमची यादी घेऊन त्याच्या मशीनवर गठ्ठा बांधेल. तुमचा आणि त्याचा आकडा जुळला की तुम्ही मोकळ्या.

आकडा म्हणजे गठ्ठ्याची खूण. गठ्ठा तयार झाला की मशीन त्यावरून एक लांबलचक आकडा काढतं. गठ्ठ्यात तिळाएवढा फरक असला तरी आकडा पार बदलतो. जुळला तर सगळं जुळलं, नाही तर काहीच नाही.

चाचणी विभागातला माणूस म्हणजे शंकासुर. अडतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पण सुप्रभात म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारणारा. त्याला सगळे टाळतात. मला तो आवडतो, कारण त्याच्या शंका खऱ्या असतात, वेळ घालवायला काढलेल्या नसतात.

बावीस तारखेला सुरुवात केली. एक गठ्ठा बांधायला पाच तास लागतात, म्हणजे दिवसाला एकच. बावीसला आकडा जुळला नाही. तेवीसला त्याच्या मशीनवरचं सगळं पुसून नव्याने टाकलं, जुळला नाही. चोवीसला मी स्वतः त्याच्या खुर्चीत बसून केलं, तरी नाही.

"ताई, यादीत किती ओळी आहेत?" त्याने विचारलं.

"सदतीस."

"असायला किती हव्यात?"

"सदतीसच. इतकी वर्षं त्याच घेऊन बसलेय मी."

"पाठ आहेत?"

"पाठ म्हणजे काय, दिसली की ओळखते. सदतीस नावं घडाघडा म्हणून दाखवू का तुला?"

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला. तो सहज कधीच काही विचारत नाही, पण माझा पारा चढलेला बघून गप्प बसला.

सव्वीस तारखेला दुपारी मुलीचा फोन आला. मी जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"आई, तू नक्की येणार आहेस का?"

"अगं, येणारच आहे."

"तसं नाही. बाबा तुझ्यासाठी टेबल आणणार आहेत. माझ्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं तर माझं कपाट हलवावं लागेल. कपाट जड आहे. तू येणार असशील तरच हलवू."

ती अजिबात रागात नव्हती. फक्त कपाट जड होतं. याआधी दोनदा तिने माझ्यासाठी काहीतरी हलवलं होतं आणि पुन्हा जागेवर ठेवलं होतं, त्याचा तिने उल्लेखही केला नाही. मी म्हणाले, "हलवा कपाट." फोन ठेवला आणि डबा तसाच बंद केला.

सत्तावीसला शंकासुराने माझ्याच लक्षात यायला हवी होती अशी गोष्ट काढली. गठ्ठा होताना आधी प्रत्येक फाईलची वेगळी प्रत बनते आणि शेवटी त्या प्रती आपोआप पुसल्या जातात. "पुसणं बंद करू," तो म्हणाला, "दोन्ही मशीनवरच्या प्रती एकेक करून लावून बघू." एरवी हे मी दहा मिनिटांत सुचवलं असतं. पण गुरुजींनी लावलेल्या घडीला हात लावायचा नाही हे माझ्या इतकं अंगात मुरलं होतं की ते डोक्यातच आलं नाही.

अठ्ठावीसला सकाळी आम्ही दोघं शेजारी बसलो. चारशे अकरा प्रती तंतोतंत सारख्या निघाल्या. एक निराळी होती. दाराची फाईल.

मी यादी उघडली. वरून खाली वाचली, मग खालून वर. शंकासुराने बोट ठेवून वाचली. दाराची फाईल यादीत नव्हती.

"मग तुमच्या मशीनला कुणी सांगितलं ती लेक आहे म्हणून?" तो म्हणाला.

ते शोधता शोधता पावणेबारा झाले. काळ्या मशीनच्या पोटात गुरुजींच्या काळची एक बारीकशी फाईल होती, मशीनच्या स्वतःच्या सवयी लिहून ठेवायची. ती मी कधी उघडली नव्हती, उघडायचं कारणच पडलं नव्हतं. तिच्यात एकच ओळ होती. दाराची फाईल, लेक समजावी. बहुतेक त्यांनी आधी करून बघायला म्हणून तिथे घातली आणि यादीत उतरवायची राहून गेली. उभ्या जन्मात तारखेशिवाय ओळ न लिहिणाऱ्या माणसाची ती एकुलती एक बिनतारखेची ओळ.

म्हणजे माझं मशीन अडतीस फायलींना लेक समजत होतं आणि यादी सदतीसांनाच. शिट्टीला मी सदतीस दिल्या. त्याने सदतीस लावल्या. तो यादीप्रमाणेच वागला होता, जे तो गळा सुकेपर्यंत सांगत होता.

आणि जिन्यात उभं राहून सगळ्या आहेत असं म्हणणारी मी. न उघडता. न बघता.

मला लाज वाटली, अशी लाज की समोरच्या माणसाकडे बघवेना. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी दुसऱ्या कोपऱ्यात एक हिशेबी आवाज म्हणत होता, सापडलं ना? यादीत एक ओळ वाढव. पाच तासांत आकडा जुळेल. उद्या सही, परवा बस.

शंकासुराने यादी समोर घेतली, सर्वांत खाली गेला आणि दाराच्या फाईलचं नाव टाइप केलं. अडतिसावी ओळ. मग त्याची बोटं थांबली.

"ताई, तारीख कोणती टाकू?"

मनगटाची गोष्ट कंपनीत सगळ्यांना माहीत होती, त्यालाही माहीत होती. तारखेचा अर्थ त्याला माझ्याइतकाच कळला होता. आजची तारीख टाकली तर दहा वर्षांपूर्वी ही ओळ यादीत नव्हती हे कुणीही वाचू शकेल. ती चौकशी पुन्हा उघडेल, आणि चौकशी चालू असताना ज्याच्या हातून यादी गेली त्या माणसाला कंपनी सोडता येत नाही. गुरुजींच्या काळची तारीख टाकली तर ओळ पहिल्यापासून तिथेच होती. शिट्टीने ती गाळली. मी एक तारखेला कॉलेजात.

"जुनी टाकली तरी कुणी बघणार नाही," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मला तर काही विचारायचं नाही."

ज्या माणसाने आयुष्यात एक शंका गिळली नाही तो माझ्यासाठी ही गिळायला तयार होता. त्याचं ते वाक्य ऐकून मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. गुरुजींचा आला, साहेबांचा आला, त्या चार दिवसांच्या तापाचा आला. एकोणीस वर्षं कुणी ना कुणी मला इथे कोंडून ठेवलंय असं मी घरी, दारी, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगत आले. आणि आता दार उघडं होतं, आणि ते उघडं ठेवायला मला पुन्हा एकदा फक्त 'सगळ्या आहेत यादीत' एवढंच म्हणायचं होतं. साहेब मला मनगट आठवायला लावायचे. मनगट मी दहा वर्षं आठवलं. शिट्टी मला एकदाही आठवला नाही.

त्यात ही खुर्ची आता शंकासुराची होणार होती. माझ्या खोट्या तारखेवर तो रोज बसणार होता, आणि एवढं सगळं माहीत असून गप्प राहणार होता. गुरुजींचं वाक्य मी त्याला न बोलता दिलं असतं. हे आता फक्त तुला माहीत आहे.

"आजची टाक," मी म्हणाले.

"नक्की?"

"तुझ्या शंका आता नको काढूस. टाक."

त्याने आजची तारीख टाकली. आद्याक्षरं मी स्वतः घातली. संध्याकाळी पाचला आकडा जुळला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आम्ही दोघांनी तो मोठ्याने वाचून पडताळला.

साहेबांकडे मी यादी छापून घेऊन गेले. त्यांनी शेवटची ओळ वाचली. चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, हातातच धरून ठेवला.

"हे आज कशाला काढलंत?" ते म्हणाले. "आकडा जुळला होता. तुम्ही गेला असतात."

"हो."

"आता मला हे तपासणीवाल्यांना कळवावं लागेल. किती महिने चालेल सांगता येत नाही. तोवर तुम्हाला सोडता येणार नाही मॅडम, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मी अडवतोय असं समजू नका."

"नाही समजत," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

शिट्टीचा नंबर मिळवायला दुसरा दिवस उजाडला. तो आता शाळाशाळांतून संगणक दुरुस्त करत फिरतो असं कळलं. मी सकाळी कामावर जायच्या आधी फोन लावला. ओळख सांगितली.

"बोल," तो म्हणाला.

"दाराची फाईल यादीत नव्हती. काल बघितलं मी. तू बरोबर होतास."



"मी सात वेळा मोजली होती," तो म्हणाला. "सातही वेळा सदतीस, आणि त्यात दाराची नाही. मग तू म्हणालीस सगळ्या आहेत. तू काही खोटं बोलणाऱ्यांतली नव्हतीस. मला वाटलं, मीच माझ्याकडची यादी कुठेतरी बिघडवली असणार. मग तेच खरं वाटायला लागलं."

"मी उघडून बघितलंच नव्हतं रे."

"हं." तो म्हणाला. "मी अजून लिफ्टने जात नाही. घर सहाव्या मजल्यावर आहे. बायको म्हणते, चांगला व्यायाम होतो."

माफ कर म्हणाले.

"तारीख कोणती टाकलीस?" त्याने विचारलं. दहा वर्षांनीसुद्धा त्याला नियम आठवत होता.

"कालची. जुनी नाही टाकली."

"मग आता तुला सोडत नसतील."

"नाही."

"चौकशीचा कागद निघाला की मला एक प्रत पाठव," तो म्हणाला. "घरात दाखवायची आहे." आणि त्याने फोन ठेवला.

कॉलेजला दोन ओळींचं पत्र पाठवलं. ते सोपं होतं. मुलीला फोन करायला मात्र दुपारपर्यंत धीर झाला नाही. काळं मशीन पायाशी घोंघावत होतं. शंकासुर दोनदा येऊन पाण्याची बाटली भरून ठेवून गेला, काही न विचारता.

"कपाट हलवलं," फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली. "बाबांची पाठ धरलीये."

मी तिला सांगितलं. याआधी दोन्ही वेळा मी 'ऑफिसचं काहीतरी आहे' एवढंच म्हणाले होते. या वेळी सगळं सांगितलं. आई आणि लेकीची भाषा, शेपूट, गुरुजींची ओळ, तिचा ताप, जिन्यातलं माझं वाक्य, शिट्टीचा सहावा मजला.

"म्हणजे त्या काकांची चूक नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"आणि जुनी तारीख टाकली असतीस तर तू उद्याच आली असतीस."

"हो."

मला वाटलं ती फोन ठेवेल. मी ते सोसायची तयारीही केली. एकोणीस वर्षांत कितीतरी जणांनी मला थांब म्हटलं होतं, पण एक माणूस असा होता ज्याने ये म्हटलं असतं तर मी सगळं टाकून गेले असते, आणि तो माणूस आत्ता पलीकडे नखाने कपाटावर टकटक करत विचार करत होता.

"मग थांब तू," ती म्हणाली. "कपाट आता परत नाही हलवत आम्ही. टेबल येऊ दे. पण तू येईपर्यंत त्यावर माझे कपडे असतील."